पहिलीचं पहिलं सत्र : सोलापुरातल्या नव्या पालकांसाठी

जूनच्या मध्यात शाळा उघडते आणि जुलै लागता लागता पहिलीच्या वर्गाच्या दारात पालक विचारू लागतात, "बाई, वहीत अजून काहीच कसं नाही? बालवाडीत तर पानंच्या पानं लिहीत होती." मी पहिलीलाच शिकवते आणि हा लेख त्या दारातल्या पालकांसाठीच आहे. कुणाचं पहिलंच मूल शाळेत जातंय, कुणी कामासाठी नुकतंच सोलापुरात आलंय, कुणाच्या घरात कन्नड, तेलुगू किंवा दखनी बोलतात आणि मूल मराठी शाळेत घातलंय. जून ते दिवाळी या सत्रात मूल काय शिकतं, कोणत्या क्रमानं शिकतं आणि त्यात घरच्यांचं काम कोणतं, एवढं कळलं की निम्मी काळजी जाते.

माझं म्हणणं आधीच सांगते. या सत्रात मुलाचे कान, जीभ आणि हात तयार होतात. वही त्यानंतर भरते. हे माझ्या मनचं नाही. पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने 'विद्याप्रवेश' नावाच्या, खेळांतून तयारी करून घेणाऱ्या कार्यक्रमाला दिलेले असतात. बारा आठवडे गाणी, गोष्टी, ठोकळे, माती, रंग आणि गप्पा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पहिली आणि दुसरीला बालवाडीच्या तीन वर्षांशी जोडून तीन ते आठ वयाचा एकच टप्पा केला आहे. २०२५-२६ पासून राज्यात पहिलीला आलेला नवा अभ्यासक्रमही त्याच धर्तीवर आहे.

शाळा उघडण्याआधी

पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल बसलेलं असू शकतं. या वयात सहा-आठ महिन्यांनी फार फरक पडतो. शेजारच्या मुलाला वाचता येतं आणि आपल्याला नाही, असं वाटलं तर आधी दोघांच्या जन्मतारखा बघा.

कागदपत्रांत जन्मदाखला, आधार कार्ड, राहण्याचा पुरावा आणि फोटो लागतात. पण एखादा कागद नाही म्हणून मुलाला घरी ठेवू नका. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी मूल वर्गात बसू शकतं. मुलाची किंवा आईवडिलांची परीक्षा किंवा मुलाखत घेऊन प्रवेश ठरवता येत नाही. ऊसतोडीला किंवा बांधकामाला गाव सोडणाऱ्या कुटुंबांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. मूल जिथं जाईल तिथल्या शाळेत बसायचा त्याला हक्क आहे.

माध्यमाचा प्रश्न सोलापुरात नेहमीच येतो. शहरात मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत. घरात बोलतो त्या भाषेची शाळा जवळ असेल तर सुरुवात तिथून करणं मुलाला सोपं जातं, असं माझं मत आहे. तरी बरेच पालक मराठी किंवा इंग्रजी माध्यम घेतात, त्यालाही हरकत नाही. फक्त एक करा. शाळेची भाषा मराठी झाली म्हणून घरची भाषा बंद करू नका. आजी तेलुगूत गोष्ट सांगत असेल तर ती तेलुगूतच सांगू द्या. गोष्टीत आधी काय झालं, मग काय झालं, का झालं, हे समजून घेण्याची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेत आपोआप येते.

शाळापूर्व तयारीचा 'पहिले पाऊल' मेळावा झाला तर आईनं किंवा आजीनं मुलाला घेऊन जरूर जावं. मुलाला उडी मारता येते का, रंग ओळखता येतात का, चित्र बघून दोन वाक्यं बोलता येतात का, हे तिथं खेळ घेऊन बघतात. पास-नापास काही नसतं. सुट्टीत घरी काय खेळायचं तेही सांगतात.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत मूल शाळेत राहायला शिकतं. रांगेत उभं राहणं, आपलं दप्तर ओळखणं, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं, डबा खाऊन तो परत दप्तरात ठेवणं. मोठ्यांना हे काहीच वाटत नाही, पण सहा वर्षांच्या मुलासाठी हाच त्या महिन्याचा अभ्यास असतो.

मुलाला घरची भाषा वेगळी असेल तर शाळेच्या पहिल्या दिवसाआधी पाच वाक्यं मराठीत पाठ करून द्या: "बाई, लघवीला जाऊ का?", "पाणी पिऊ का?", "मला कळलं नाही", "पोटात दुखतंय", "माझं दप्तर सापडत नाही." एवढ्यावर मूल पहिला महिना निभावतं. यांतलं पहिलं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. ते न आल्यानं मूल तासभर अवघडून बसतं, मग चड्डी ओली होते, मुलं हसतात आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेला यायलाच तयार होत नाही. मराठी घरातल्या मुलांनाही हे विचारायची सवय करा. चड्डीचं इलॅस्टिक त्याचं त्याला खाली-वर करता येईल असंच असू द्या. पट्टा आणि अवघड बटणं नंतर.

रडणाऱ्या मुलाला सोडताना खिडकीत उभं राहू नका. "दुपारी जेवण झालं की मी येते," असं सांगून निघा आणि त्या वेळेला या. मुलाला घड्याळ कळत नाही, पण "जेवणानंतर" कळतं. गुपचूप निघून जाणं सगळ्यांत वाईट. आई दिसेनाशी झाली की मूल पुढचे आठ दिवस दारावरची नजर काढत नाही.

शासकीय आणि अनुदानित शाळांत पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्याचं, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं देणारं शिजवलेलं जेवण, असं त्याचं प्रमाण आहे. शाळेत खिचडी खाल्ली म्हणून घरून उपाशी पाठवू नका. सकाळी पोटात काही नसलेलं मूल अकराच्या सुमाराला डोकं बाकावर टेकवतं. डबा देत असाल तर एक सांगते: या वयात दुधाचे दात हलत असतात, पडत असतात. कडक भाकरी घरी दुधात कुस्करून द्या. डब्यात मऊ भाकरी किंवा पोळी आणि वर शेंगाचटणी तेल घालून दिली की मुलं चाटूनपुसून खातात.

भाषा : आधी ऐकणं, मग बोलणं, अक्षर त्यानंतर

जुलैमध्ये वर्गात सगळ्यांत जास्त काय चालतं तर बोलणं. आषाढीला बहुतेक शाळांत छोटी दिंडी निघते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे पालखी पाहिलेली मुलं वर्गात असतातच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, नवरात्रात तुळजापूर, मग कोजागरीला चालत जाणारी माणसं. दुसऱ्या दिवशी मी विचारते, "काल काय पाहिलंस?" सुरुवातीला उत्तर एका शब्दात येतं, "रथ." ऑगस्टच्या शेवटी तेच मूल सांगतं, "काल बाबाच्या खांद्यावर बसून रथ बघितलो, मग पाऊस आला, मग आम्ही पळालो." मला हे वाक्य चार पानं लेखनापेक्षा मोलाचं वाटतं, कारण त्यात क्रम आहे आणि "मग" आहे. पुढे धडा वाचून समजायला हेच लागतं.

इथं पालक एक गोष्ट हमखास करतात, ती करू नका. मूल "काय करूलालास?" असं सोलापुरी बोललं की लगेच "नीट बोल" म्हणून थांबवतात. थांबवलेलं मूल पुढच्या वेळी बोलतच नाही. त्याचं ऐकून घ्या आणि उत्तर देताना पुस्तकातलं रूप सहज वापरा, बास. कन्नड किंवा तेलुगू घरातलं मूल "माझा पाटी", "तो पुस्तक" म्हणतं, तेही चुकत नसतं, शिकत असतं. त्या भाषांत निर्जीव वस्तूंना मराठीसारखं तो-ती-ते असं वेगवेगळं लिंग नसतं. पाटी स्त्रीलिंगी का, याला मराठीतही कारण नाही. ऐकून ऐकूनच ते बसतं, आणि वर्षभरात बऱ्यापैकी बसतं.

आता अक्षरं. पूर्वी अ-आ-इ पासून ज्ञ पर्यंत घोकून घ्यायचे. आता आधी काही सोपी अक्षरं निवडतात, त्यांना काना जोडतात आणि लगेच शब्द वाचायला देतात. समजा क, न, म, ल ही चार अक्षरं आणि एक काना झाला. त्यावर मूल काय काय वाचू शकतं बघा: नाक, कान, काका, मामा, मान, काम, लाल, कमल, नमन. आठ-दहा दिवसांत मुलाला खरा शब्द वाचल्याचा आनंद मिळतो. वेलांटी, उकार, मात्रा नंतर येतात, जोडाक्षरं त्याहून नंतर. पहिल्या वेलांटीपाशी मुलं अडखळतात, कारण ती कानाला नंतर ऐकू येते आणि कागदावर अक्षराच्या आधी येते. तिथं घाई करू नका.

त्याआधी आवाज ओळखण्याचे खेळ होतात, ते घरीही खेळता येतात. "क नं सुरू होणाऱ्या वस्तू सांग," म्हटलं की कप, कढई, कांदा, कात्री. "चादर, चमचा, टॉवेल, चाक, यांतला वेगळा कोण?" पाटी लागत नाही, पेन्सिल लागत नाही, भाजी निवडताना होतं. ज्या मुलाला शब्दातले आवाज सुटे ऐकू येतात त्याला अक्षर शिकवायला वेळ लागत नाही.

लिहिण्याचं म्हणाल तर आधी उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा, मग अर्धगोल, मग गोल, मग अक्षर. मुलाचं मनगट आणि बोटं अजून कच्ची असतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांत पेन्सिल धरता येत नसेल तर वही बाजूला ठेवा आणि शेंगा सोलायला द्या, मेथी निवडायला द्या, कणकेचा गोळा मळायला द्या. आठवडाभरात पकड सुधारलेली दिसते. मूल डावखुरं असेल तर डाव्या हातानंच लिहू द्या. अक्षर आरशात दिसल्यासारखं उलटं लिहिणं या वयात खूप मुलांचं होतं. त्यावर मार देऊ नका, आणि शाळेत कुणी मारत असेल तर कायद्यानं त्याला बंदी आहे, हेही माहीत असू द्या.

इंग्रजी पहिलीपासूनच असतं. २००० सालापासून मराठी शाळांत ते आहे. या सत्रात ते गाणी, वस्तूंची नावं आणि "स्टँड अप, सिट डाउन" सारख्या सूचनांपुरतं असतं. स्पेलिंग पाठ करून घेऊ नका. हिंदीबद्दल पालक विचारतात: पहिलीपासून तिसरी भाषा आणणारे दोन्ही शासन निर्णय जून २०२५ मध्ये मागे घेतले गेले.

गणित : मोजणं म्हणजे म्हणणं नव्हे

"आमची शंभरपर्यंत म्हणते," असं आई अभिमानानं सांगते. मी तिच्यासमोर सात चिंचोके टाकते आणि म्हणते, मोज. मुलगी भराभर बोलते आणि बोट मागे राहतं, सात चिंचोक्यांचे अकरा होतात. तिला अंकांचं गाणं येतं, मोजणं अजून यायचं आहे. एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्या वस्तू, हे समजणं हाच पहिल्या सत्रातल्या गणिताचा पाया. आणखी एक करून बघा. पाच चिंचोके जवळजवळ ठेवा, खाली दुसरे पाच दूरदूर पसरा आणि विचारा, जास्त कुठं? बरीच मुलं दूर पसरलेले दाखवतात. रागावू नका, दोन्ही ओळी त्यालाच मोजू द्या आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा.

क्रम साधारण असा असतो: लहान-मोठं, कमी-जास्त, आत-बाहेर, आधी-नंतर. मग वर्गीकरण. मग १ ते ९, वस्तू मोजून आणि अंक लिहून. मग शून्य. मग ९ च्या आतली बेरीज आणि वजाबाकी, तीही वस्तू जवळ आणून आणि उचलून. मग दहाचा गठ्ठा.

वर्गीकरण आणि गठ्ठे शिकवायला शहराच्या पूर्व भागात, जिथं टॉवेल आणि विडीचं काम चालतं, तिथल्या घरांत जेवढं साहित्य पडलेलं असतं तेवढं शाळेतही नसतं. घरात टॉवेल शिवायला, घडी घालायला येत असतील तर मुलाला बसवा: रंगाप्रमाणे वेगळे कर, आता लहान-मोठे वेगळे कर, आता दहा-दहाचे गठ्ठे लाव, किती गठ्ठे झाले आणि सुटे किती उरले? तीन गठ्ठे आणि चार सुटे म्हणजे चौतीस, हे त्यानं हातानं केलं की पुढचं एकक-दशक झालंच म्हणून समजा. विड्या वळायचं सूप मात्र मुलापासून लांब ठेवा. तंबाखूची भुकटी त्याच्या नाकात जायला नको आणि मोजायलाही विड्या देऊ नयेत. चिंचोके, बटणं, आईस्क्रीमच्या काड्या पुष्कळ आहेत.

दहाच्या पुढे मराठी मुलं १२ च्या जागी २१ आणि २३ च्या जागी ३२ लिहितात, त्याचं कारण सरळ आहे. आपण "तेवीस" म्हणताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. कन्नड आणि तेलुगूत एकवीस म्हणताना वीस आधी येतात, एक नंतर: इप्पत्तोंदु, इरवै ओकटि. म्हणून या घरांतल्या मुलांना मोजायला आधी घरच्या भाषेतच सांगा, मग मराठी नाव द्या. मराठी मुलांसाठी "वीस आणि तीन, तेवीस" असं दोन्ही म्हणून घ्या.

चित्रकला, गाणी, कवायत, मातीकाम यांबद्दल थोडक्यात. हे तास अभ्यास बुडवणारे नाहीत. कात्रीनं कागद कापणारा हात उद्या अक्षर काढतो. म्हणून चित्रकलेच्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

घरी रोज अर्धा तास

शिकवणी लावू नका. पहिलीच्या मुलाला शिकवणीची गरज नाही, झोपेची आहे. त्याऐवजी रोज अर्धा तास, शक्यतो एकाच वेळी, मोबाईल आणि टीव्ही बंद करून असं करा.

आधी पाच-दहा मिनिटं बोला. "आज काय शिकवलं?" विचारलं की "काही नाही" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा "आज शेजारी कोण बसलं होतं? कोण रडलं? खिचडीत काय होतं?" असं विचारा.

मग दहा मिनिटं वाचून दाखवा. पुस्तकातली चित्रं दाखवत, शब्दाखाली बोट फिरवत. तुम्हाला वाचता येत नसेल तर मुलाला चित्रावरून गोष्ट सांगायला लावा आणि तुम्ही ऐका. शाळेच्या पुस्तकाव्यतिरिक्त बसची पाटी, दुकानाचं नाव, बिस्किटाचा पुडा, सगळं वाचण्याजोगंच आहे. सात रस्ता ते नवी पेठ एवढ्या वाटेवरही मुलाला येणारी दहा अक्षरं सापडतात.

उरलेल्या वेळात मोजणं आणि थोडं लिहिणं. एक पाटी पुरे. तीही मुलानं कंटाळल्याचं दाखवलं की थांबवा.

हजेरीचं तेवढं सांभाळा. सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो, तेव्हा ताप-सर्दीनं मुलं गळतात. त्याला इलाज नाही. पण लग्न, जत्रा, गावी जाणं यांत सलग आठ-दहा दिवस गेले तर नेमका अक्षरांचा एखादा गट बुडतो आणि पुढचे शब्द वाचता येत नाहीत. जावंच लागलं तर आधी बाईंना सांगा आणि त्या दिवसांत काय घ्यायचं ते विचारून जा.

दिवाळीच्या सुट्टीआधी

सत्र संपताना मूल्यमापन होतं. पहिली-दुसरीला ७० टक्के भार वर्षभराच्या रोजच्या निरीक्षणाला, म्हणजे आकारिक मूल्यमापनाला, आणि ३० टक्के सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाला असतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री बसवून उपयोग नाही आणि गरजही नाही. प्रगतीपत्रक हातात आल्यावर श्रेणीकडे बघून लगेच मिटू नका, बाईंनी लिहिलेल्या नोंदी वाचा. "चित्रावर दोन-तीन वाक्यं बोलतो", "वस्तू नऊपर्यंत अचूक मोजते", "गटात मिसळत नाही", खरं काय चाललंय ते तिथं असतं.

अपेक्षा किती ठेवावी? देशभरासाठी ठरवलेलं पहिलीच्या अखेरचं लक्ष्य असं आहे: चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता यावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, साधी बेरीज-वजाबाकी यावी. हे सगळं वर्षाच्या शेवटी. दिवाळीला मूल दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचत असेल, स्वतःचं नाव ओळखत असेल, वीसपर्यंत वस्तू मोजत असेल आणि गोष्ट ऐकून "मग काय झालं" विचारत असेल तर गाडी रुळावर आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र सुट्टी संपायची वाट बघू नका. मूल फळ्यावरचं बघताना डोळे बारीक करतं किंवा पुस्तक नाकाला लावतं. मागून हाक मारली तर वळत नाही, टीव्हीचा आवाज सतत वाढवतं. घरच्या भाषेतही पूर्ण वाक्य बोलत नाही. दोन महिन्यांनंतरही शाळेत एक शब्द बोलत नाही. कितीतरी "ढ" ठरवलेल्या मुलांना फक्त चष्म्याची गरज असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मूल हजर ठेवा आणि पथकानं चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका. पथक यायचं बाकी असेल तर दिवाळीच्या सुट्टीत सिव्हिलमध्ये डोळे आणि कान तपासून घ्या. जे निघेल ते दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिकेला सांगा, म्हणजे बाईंना त्याची जागा पुढच्या बाकावर करता येते.